समत्तु बाळ

कुंभकोणम्,
४ मार्च २०२४

प्रिय भुवनाक्का,

रंजनीचा नमस्कार. भावोजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. इथे अप्पा ठीक आहेत, गोळ्या वेळेवर घेतात. ऊन आत्तापासूनच तापायला लागलं आहे, मागच्या नळाला दुपारी गरम पाणी येतं. कावेरी आत्या अजून इथेच आहे आणि आणखी महिनाभर राहीन म्हणते. तू पाठवलेली झबली मिळाली. दोन मोठी होतात, बाकीची बसतात.

गुरुवारी मी तुझा फोन मध्येच बंद केला. त्यानंतर तू पुन्हा केलास, तोही घेतला नाही. अप्पांनी तुला सांगितलं की नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं.

फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करते, हे पहिल्यापासून असंच आहे. म्हणून लिहिते आहे. एम.एस्सी.साठी तुझ्याकडे पुण्यात राहिले त्याचा एवढा तरी उपयोग, की आपल्या घरच्या दक्षिणी मराठीऐवजी तुझ्या सासरच्यांना हसू येणार नाही असं मराठी मला लिहिता येतं.

मी रागावले आहे, अक्का. तुझ्यावर, आत्यावर, अप्पांवर. आईवरसुद्धा, पण ते कुणापुढे बोलायची सोय नाही.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून बाळ झोपूनच होतं. छातीशी धरलं की चार घोट घ्यायची आणि तसंच तोंडात धरून झोपून जायची. ओठ थोडे हलत राहायचे, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं पिते आहे. मी गालाला बोट लावून बघायची. डोळे उघडायची नाही. कपडे फार ओले व्हायचे नाहीत, आणि दुपट्यावर विटकरी रंगाचे डाग पडायचे. मी आत्याला दाखवले. ती म्हणाली, उष्णता आहे, तू धण्याचं पाणी पी.

बघायला बायका येत होत्या. घरात नुकतंच मरण झालेलं, त्यामुळे सगळ्या दबक्या आवाजात बोलायच्या. पाळण्यात डोकावायच्या आणि म्हणायच्या, समत्तु. समोरच्या मामी म्हणाल्या, बाजूच्या म्हणाल्या, पापनाशम्‌हून माझ्या सासूबाई आल्या त्याही म्हणाल्या. हा शब्द ऐकतच आपण मोठ्या झालो. रडली नाही, मागितलं नाही, मध्ये बोलली नाही, की समत्तु. तुला कोणी कधी म्हटलं नाही. मला रोज म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आत्या सगळ्यांना एकच सांगायची. "घरचं दुःख कळतंय पोरीला. विजयाच परत आली आहे. तीही अशीच होती, घरात आहे की नाही पत्ता लागायचा नाही."

आईचं असं कौतुक आत्याने आई असताना केल्याचं मला आठवत नाही. तुला आठवतं का?

मग तुला फोटो पाठवला आणि तू रडलीस. तू म्हणालीस, आईच आहे गं ही, झोपू दे तिला पोटभर, आईला जन्मात कधी झोपायला मिळालं नाही. आत्याने ते स्पीकरवर ऐकलं आणि त्यानंतर या घरात बाळाला उठवणं म्हणजे आईला उठवणं झालं. पंखा बदलला, दार लावताना आवाज होऊ नये म्हणून कापडाची घडी अडकवली. अप्पा टीव्ही बंद करून बसले. सगळं घर एका झोपलेल्या पोरीची झोप सांभाळत होतं, आणि ती वाळत चालली होती.

कृष्णकुमार त्या शनिवारी होसूरहून लेकीला बघायला आले. त्यांनी तिला उचललं आणि म्हणाले, हलकी वाटते. मी तिला खिडकीशी नेलं. उजेडात पोटापर्यंत पिवळी दिसत होती. आत्या म्हणाली, अजून बारसं नाही, घराबाहेर न्यायचं नसतं. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल. तिने वजन केलं, डोळे पाहिले, टाचेला टिचकी मारली. बाळाने नुसतं तोंड वाकडं केलं. तिने विचारलं, दूध किती किती वेळाने देता?

मी म्हटलं, उठली की.

"ती उठणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पोटात काही नाही, म्हणून झोपते. झोपते, म्हणून पोटात काही जात नाही. भुकेलं बाळ रडतं ते थोडा वेळ. मग रडायलाही ताकद लागते."

तिने हे वजनाचा आकडा लिहिता लिहिता सांगितलं, वर न बघता. मला त्या खोलीत घाम फुटला. का, ते पुढे लिहीन. आत्ता लिहिलं तर बाकीचं राहील.

दोन दिवस तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. तुला अप्पांनी "थोडी कावीळ, आता बरं आहे" एवढंच सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली त्यात कावीळ ही लहान गोष्ट होती. मोठी ही होती की ती थोडी आधी जन्मलेली आहे, लवकर दमते, आणि अशा मुलाला मागायची वाट बघत बसायचं नसतं. दर दोन-अडीच तासांनी उठवायचं. झोपेतून, गोड झोपेतून, कशीही झोपली असली तरी.

ते कसं करतात तुला सांगते, कारण तुझी दोन्ही मुलं भुकेली झाली की गल्ली जागी करायची, तुला हे माहीत असायचं कारण नाही. आधी गुंडाळलेलं सगळं काढायचं. झबलं, टोपी, सगळं. नुसत्या लंगोटावर माझ्या उघड्या छातीशी धरायचं. ऊब पांघरुणाची असली की झोपते, माझ्या अंगाची असली की तोंड शोधते. तळपाय चोळायचे, पाठीचा कणा खालून वर बोटाने चोळायचा. तरीही नाही उठली तर ओल्या फडक्याने कपाळ आणि पाय पुसायचे. प्यायला लागली की गालाकडे बघायचं नाही, गळ्याकडे बघायचं, आणि गिळल्याचा आवाज ऐकायचा. आवाज थांबला की छाती हाताने दाबायची, दूध आपोआप तोंडात उतरतं आणि ती पुन्हा गिळते. तेही थांबलं की काढायची, उभी धरायची, लंगोट बदलायचा, दुसऱ्या बाजूला लावायची. शेवटी दूध हाताने काढून पालाडैने पाजायचं. पालाडै म्हणजे आपलं बोंडलंच, तू ओळखशील.

हे एकदा करायला तासभर जातो. मग ती झोपते आणि थोड्या वेळाने मी पुन्हा तिचे कपडे काढते.

ती रडते. अर्थातच रडते. आणि या घरात कोणाला ते सहन होत नाही.

आत्या पहिल्या दिवशी म्हणाली, "हिला काय परीक्षेला बसवणार आहेस? घड्याळ लावून उठवतीस?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, आम्ही पाच मुलं वाढवली, एकाचेही पाय ओल्या फडक्याने पुसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तेव्हा तिने बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळून आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. मी दाराबाहेर उभी राहिले. आतून ती म्हणाली, निजली आहे, नंतर ये. मी दारावर थाप मारू शकले असते. मारली नाही. ओल्या केसांनी उभी राहिले, समत्तुसारखी, तिला वाटेल तेव्हा ती दार उघडेपर्यंत.

तो दिवस गुरुवारचा. संध्याकाळी तुझा फोन आला. आत्याने तुला सांगितलं होतं की रंजनी बाळाला चिमटे काढते. तू मला विचारलं नाहीस की का उठवते. तू म्हणालीस, "आईचा जीव आहे तो. तिला छळू नकोस. झोपू दे."

म्हणून मी फोन बंद केला.

(मध्ये उठले होते. प्यायली, बरी प्यायली. आता पुढे लिहिते.)

शुक्रवारी आत्याने हळदीकुंकवाला चार बायका बोलावल्या होत्या. घरात वर्षभर काही करायचं नाही असं तीच म्हणत होती, तरी बोलावल्या. बाळ दाखवायचं होतं त्यांना. सगळ्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या, पाळणा मध्ये. तिरुभुवनम्‌च्या त्या रेशमी साड्यांच्या मामी, त्यांनी पाळण्यात पाहिलं आणि आत्याला म्हणाल्या, किती शांत, अगदी विजया. आत्याने डोळे पुसले.

तिची प्यायची वेळ झाली होती. मी सगळ्यांच्या मधून गेले, तिला उचललं, तिथेच खाली बसले आणि झबलं काढायला लागले. आत जाऊन करता आलं असतं. मी गेले नाही. टोपी काढली, पाय चोळले. तिने पहिल्यांदा नुसते ओठ मुडपले. मी ओलं फडकं मागवलं, कोणी उठेना, म्हणून पाण्याच्या भांड्यात पदर बुडवला आणि तिच्या तळपायांना लावला. ती ओरडली. तेवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं.

आत्याने उठून तिला माझ्या हातातून घ्यायला हात घातला. "बायकांसमोर आईला रडवतीस? तुझ्या आईला?"

अक्का, मी ओरडले. मी कधी ओरडले आहे का तुला आठवतं? मला आठवत नाही. मी म्हटलं, "ही आई नाही. आई मेली. हिला भूक लागली आहे."

मामींनी वाट्या खाली ठेवल्या. आत्या अप्पांना हाका मारायला लागली, अनंता, अनंता, ये बघ तुझी मुलगी काय करते. अप्पा आतून आले. बाळ उघडं, रडून लाल झालेलं, माझा पदर ओला, मी बायकांच्या मध्ये जमिनीवर. मला वाटलं ते मला आत जा म्हणतील. ते बाळाकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "खाल्लं का तिने?"

आत्याला कळलं नाही ते काय विचारतात. मला कळलं. त्यांनाही बोलल्यावर कळलं असावं, कारण ते दाराला धरून उभे राहिले आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसले.

तुला वाटेल माझं मन भरून आलं. नाही आलं. मला त्यांचा राग आला. आत्ता विचारता? एक महिन्याने? हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारायचा होता?

तो दिवस मी आता लिहिते. आपण दोघींनी तो एकदाही बोलून काढलेला नाही.

माझ्या वळैकाप्पूचा, म्हणजे तुमच्याकडच्या डोहाळजेवणाचा, शुक्रवार. आई पहाटेपासून सोवळ्यात. सकाळी अप्पांनी तिला रोजच्यासारखं इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं, कारण ते रोज देतात. त्यावर अर्ध्या तासात ती रोज इडली खाते. त्या दिवशी नैवेद्य झाल्याशिवाय सोवळ्यात खायचं नव्हतं. नैवेद्य पाहुणे आल्यावर. आणि माझ्या सासरचे पापनाशम्‌मध्ये राहुकाळ संपायची वाट बघत बसले होते, शुक्रवारचा बारापर्यंत. ते आले, बांगड्या भरल्या, नैवेद्य झाला. मग आधी सवाष्णी बसल्या, मग व्याही, मग मुलं. आई वाढत होती. कोणीतरी म्हणालं, तुम्ही पण बसा, ती म्हणाली, होईल, घाई काय आहे.

मला मधल्या खोलीत तिचं ताट दिसत होतं. वाढलेलं, झाकलेलं. आत्याने तिला घाम आलेला पाहिला, कारण तिनेच पंखा तिच्याकडे वळवला. मग आई चटईवर आडवी झाली. मी बांगड्यांचे हात घेऊन तिला जेवायला उठवायला गेले, आणि तू दारात होतीस. तू म्हणालीस, "उठवू नकोस गं. चार दिवस उभी आहे ती. झोपू दे."

मी उठवलं नाही.

तू हे प्रेमाने म्हणालीस हे मला माहीत आहे. तुला इंजेक्शनचं माहीत नव्हतं. अप्पांना ताटाचं माहीत नव्हतं. मला घामाचं माहीत नव्हतं. मला हा हिशोब करायला बसायचं नाही की कोणाचा वाटा किती. पण संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांनी साखर एकदम खाली गेली असं म्हटलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर ते शब्द या घरात कोणी उच्चारले नाहीत. आत्या म्हणते, झोपेत गेली, पुण्यवान. अप्पा म्हणतात, कोणाला त्रास दिला नाही. तूही दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगत होतीस, किती शांतपणे गेली. मी गरोदर म्हणून मला तिचं तोंडही बघू दिलं नाही, मागच्या मामींकडे बसवून ठेवलं. रडू नको, बाळाला त्रास होईल. तिथे भिंतीतून मला तुझा आवाज ऐकू येत होता, शांतपणे, शांतपणे.

ती शांत नव्हती, अक्का. ती उपाशी होती. घरभर अन्न शिजलेलं, आणि बाई उपाशी पोटी मेली, आणि आपण पाय न वाजवता तिच्या बाजूने जात होतो.

डॉक्टरिणीने जे सांगितलं त्यावर मला घाम का फुटला ते आता कळलं असेल. तीच गोष्ट मी त्याच घरात, त्याच लोकांच्या मध्ये, दुसऱ्यांदा होऊ देत होते. आणि सगळे तिला त्याच शब्दांत शाबासकी देत होते.

आईवर का रागावले आहे तेही लिहून टाकते. ती सांगू शकली असती. एक केळं खाल्लं असतं तर कोणता देव रागावला असता? तिने सांगितलं नाही कारण तिलाही गुणी म्हणवून घ्यायचं होतं, सासरच्या माणसांसमोर, माझ्या सासरच्या माणसांसमोर. तिला तीस वर्षं तेच शिकवलं आणि तिने मला शिकवलं. माझ्या मुलीला मी ते शिकवणार नाही.

आता बाकीची बातमी. काल वजन केलं. जन्माच्या वजनाला पोचली. डॉक्टरीण म्हणाली अजून पंधरा दिवस असंच उठवत राहा, मग ती स्वतः मागेल. कालपासून एक-दोनदा तिने मागितलंही. आत्या माझ्याशी बोलत नाही, पण सकाळी माझ्या खोलीत मेथीचा लाडू आणून आपटून ठेवते. मी खाते. अप्पा उठवायच्या वेळी येऊन बसतात. त्यांना पाय चोळणं जमत नाही, फार हळू करतात, ती आणखी झोपते. मी त्यांना सांगितलं, जोरात. ते म्हणतात, हो. आम्ही दुसरं काही बोलत नाही. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही आणि त्यांनी माफी मागितलेलीही नाही.

नाव. तू आणि आत्याने विजयलक्ष्मी ठरवलं आहे हे मला कळलं. ते मी ठेवणार नाही. तिचं नाव नित्या आहे. कृष्णकुमारना विचारलं आहे, सासूबाईंना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, आजीचं नाव न ठेवणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, न दिसू दे.

मुलांच्या परीक्षा संपल्या की तू येणार म्हणतेस. ये. पाहुणी म्हणून येऊ नकोस. तू आलीस की पहिल्या दिवशी मी बाळ तुझ्या हातात देईन आणि आत जाऊन आडवी होईन, कारण मी खरंच थकले आहे. तिची वेळ होईल तेव्हा ती तुझ्या मांडीवर झोपलेली असेल. तोंड थोडं उघडं, मुठी गालाशी. फार सुंदर दिसते तेव्हा. तुला अजिबात उठवावंसं वाटणार नाही.

तू तिचे कपडे काढ. पाय चोळ, जोरात. ती रडली तर रडू दे, आत्या काहीही बोलली तरी थांबू नकोस. जागी करून माझ्याकडे आण. आणि मी झोपले असेन तर मलाही उठव, आणि आधी जेवलीस का विचार.

माझा राग गेलेला नाही, जाईल असं सांगता येत नाही. तरी ये.

तुझी,
नित्याची आई
रंजनी